वाचकांचे प्रश्न : डब्यातली मटकी, मसाल्यातलं दगडफूल आणि सजीवांचे कप्पे

शाळा सुरू झाल्या झाल्या यंदा टपालात आणि व्हॉट्सअॅपवर सजीवांचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळे हा सगळा अंक त्यांनाच दिलाय.

प्रश्न : ताई, मुलगी आठवीत आहे. सजीवांची लक्षणं शिकवली, वाढ, हालचाल, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन, प्रतिसाद वगैरे. तिने डब्यातली मटकी दाखवून विचारलं की ही यातलं काहीच करत नाही, मग सजीव की निर्जीव? मी पटकन निर्जीव म्हणाले तर म्हणते, मग मोड कुठून येतात? काय सांगू?
— एक आई, कोथरूड

उत्तर : मटकी सजीव आहे, आणि लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. डब्यातल्या मटकीच्या आत अख्खं बाळरोप असतं, सोबत शिदोरी म्हणून दोन डाळिंब्या. वाळलेल्या दाण्यात पाणी फारच कमी, साधारण 10-12 टक्के, त्यामुळे आतला सगळा कारभार अतिशय मंद चालतो. श्वसन चालू असतं पण इतकं हळू की आपल्या लक्षात येत नाही. याला सुप्तावस्था म्हणतात. ती किती लांबू शकते बघा, इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या जुन्या बिया मिळाल्या होत्या, सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या, त्यातली एक 2005 साली पेरली आणि ती चक्क रुजली.

घरी एक करून बघा. तीन वाट्या घ्या, एकीत अख्खी मटकी, दुसरीत तीच मटकी खरपूस भाजून, तिसरीत मुगाची डाळ. रात्रभर भिजवा आणि मग फडक्यात बांधून ठेवा. भाजलेली फुगेल पण मोड येणार नाहीत, डाळीलाही नाही, कारण भाजताना अंकुर मेला आणि भरडताना तो दाण्यापासून तुटला. आणि चांगले मोड येत असलेली मोठी पुरचुंडी लेकीला हातात धरायला सांगा, कोमट लागते. ती ऊब श्वसनाची आहे.

आता लक्षणांच्या यादीबद्दल. मुलं ती पाठ करतात आणि मग एकेक लक्षण स्वतंत्रपणे लावून बघतात, तिथे घोळ होतो. खेचराला पिल्लं होत नाहीत, कामकरी मधमाशी वंश वाढवत नाही, म्हणून ती काय निर्जीव झाली? उलट पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर चांगली वाढते की! पण ती वाढ बाहेरून थर चढून होते, सजीव आतून वाढतो, खाल्लेल्याचं स्वतःच्या शरीरात रूपांतर करतो. त्यामुळे माझं मत असं की वाढ आणि प्रजनन या ओळखीच्या खुणा आहेत, खरी पकड दोन गोष्टींवर ठेवावी, पेशी आणि चयापचय. शरीर पेशींचं बनलंय का आणि त्या पेशींमध्ये रसायनांची देवघेव स्वतःच्या ताब्यात चालू आहे का, किंवा पाणी मिळालं की पुन्हा जोरात चालू होऊ शकते का. मटकी दोन्हीत पास.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. विषाणू व्हिटाकरच्या पाच सृष्टींपैकी नक्की कुठल्या सृष्टीत? अभ्यासिकेत दोन मित्र मोनेरा म्हणतात.
— एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : कुठल्याच नाही, आणि मित्रांनाही सांग. रॉबर्ट व्हिटाकरने 1969 मध्ये मोनेरा, प्रोटिस्टा, कवके (म्हणजे बुरश्या), वनस्पती आणि प्राणी अशा पाच सृष्टी मांडल्या त्या पेशी असलेल्यांसाठी. मोनेरात जिवाणू येतात, त्यांना पेशी असते, फक्त केंद्रकाला आवरण नसतं. विषाणूला पेशीच नाही. जनुकीय द्रव्य, भोवती प्रथिनांचं कवच, काहींना आणखी एक मेदाचं वेष्टण, बास. वेंडेल स्टॅन्लीने 1935 मध्ये तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक केले आणि ते स्फटिक पुन्हा पानाला लावले तर रोग झाला, तेव्हापासून विषाणू सजीव की निर्जीव हा वाद पेटलाय.

पण हा मुद्दा पाठ करण्यापेक्षा समजून घे. आपल्या पुण्यातच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, 1952 साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली, कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला माकडतापाचा विषाणू 1957 मध्ये इथल्याच लोकांनी शोधला. अशा प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचा तर बशीत त्याचं खाणं घालून भागतं, विषाणूला मात्र जिवंत पेशी द्याव्या लागतात, नाहीतर तो वर्षानुवर्षं नुसता पडून राहील आणि एकाचा दोन होणार नाही. विषाणूंचं वर्गीकरण वेगळं, त्यासाठी वेगळी आंतरराष्ट्रीय समिती आहे. परीक्षेत ‘सजीव व निर्जीव यांच्या सीमारेषेवर’ असं लिही, ते बरोबर धरतात आणि मलाही ते पटतं.

प्रश्न : गोडा मसाला करताना दगडफूल निवडत होते तर नातू म्हणाला, आजी हे फूल नाहीये, ही बुरशी आहे. चाळीस वर्षं आमटीत घालतेय मी! हे खरं का? आणि मग ते कुठल्या वर्गात बसतं?
— एक आजी, सहकारनगर

उत्तर : आजी, नातू अर्धा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा जास्त मजेशीर आहे. दगडफूल म्हणजे एक जीव नाहीच, ते एकत्र नांदणारं बिऱ्हाड आहे. बुरशी घर बांधते, म्हणजे तंतूंचं जाळं विणून आकार देते, पाणी आणि क्षार धरून ठेवते, आणि त्या जाळ्यात हिरव्या शैवालाच्या सूक्ष्म पेशी राहतात, त्या उन्हात अन्न तयार करून बुरशीलाही देतात. दोघं मिळून उघड्या कातळावर, झाडाच्या सालीवर तग धरतात, जिथे एकेकट्याचा टिकाव लागणं कठीण.

पुढच्या वेळी एक मोठा तुकडा बाजूला काढा. वरची बाजू राखाडी आणि कडेला लहरी लहरी, खालची काळी. त्या काळ्या बाजूला भिंगाने बारीक मुळ्यांसारखे तंतू दिसतात, ते खरी मुळं नाहीत, नुसती पकड धरायला असतात. आता राखाडी बाजूवर पाण्याचे दोन थेंब टाका आणि थोडं थांबा, तुकडा फार जुना नसेल तर तिथे हिरवट झाक येते, कारण बुरशीचा वरचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि त्याखालचं शैवाल दिसायला लागतं. नातवाला हे तुम्ही दाखवा.

सायमन श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात सांगितलं की हे दोन जीव आहेत, तर त्या काळातल्या बऱ्याच जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं, कारण प्रत्येक जीव एका कप्प्यात बसलाच पाहिजे हा आग्रह होता. 2016 मध्ये तर बऱ्याच दगडफुलांच्या वरच्या थरात आणखी एक यीस्टच्या जातीची बुरशी सापडली, म्हणजे बिऱ्हाडात तिसरा भाडेकरू. वर्गीकरणात सोय म्हणून दगडफुलाला बुरशीचं नाव देतात आणि कवकांत ठेवतात, आपल्या मसाल्यात येतं त्यातल्या एका मुख्य जातीचं नाव पार्मोट्रेमा पर्लाटम. पण त्यातल्या शैवालाचं स्वतःचं वेगळं नाव आणि वेगळा कप्पा असतोच.

एक विनंती मात्र करते. हे फार हळू वाढतं, वर्षाला काही मिलिमीटर, आणि हवेतल्या गंधकाच्या धुराने मरतं. सिंहगडावर किंवा महाबळेश्वरला झाडावर दिसलं तर खरवडून आणू नका, मसाल्याला चिमूटभर पुरतं तेवढं दुकानातून घ्या. आमटी बिनधास्त करा.

प्रश्न : मश्रूम शाकाहारी की नाही? घरात दर श्रावणात भांडण होतं.
— एक सूनबाई, चिंचवड

उत्तर : मश्रूम प्राणी नाही, त्यामुळे मांसाहार नाही. पण ते वनस्पतीही नाही, ते कवक आहे, हरितद्रव्य नाही, पेशीभित्तिका कायटिनची, जे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं, आणि जनुकं तपासली तर कवकं झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची निघतात. सासूबाईंना नको असेल तर तो श्रद्धेचा भाग झाला, त्यात जीवशास्त्र मध्ये आणू नये असं मला वाटतं.

प्रश्न : शाळेत आम्हाला पाच सृष्टी होत्या, आता मुलाच्या कॉलेजात तीन अधिक्षेत्रं म्हणतात. दर पिढीला बदलायचं असेल तर शिकायचं कशाला?
— एक पालक, हिंजवडी

उत्तर : तुमचा वैताग समजतो, पण हे बदल उगाच झालेले नाहीत, दर वेळी बघायचं साधन बदललंय. लिनियसने 1735 मध्ये डोळ्यांना दिसेल त्यावरून सजीवांचे दोनच भाग केले, वनस्पती आणि प्राणी. सूक्ष्मदर्शकाने छोटे जीव दिसत गेले तसं हेकेलने 1866 मध्ये तिसरा भाग काढला, मग पेशीची आतली रचना कळली आणि गाडी व्हिटाकरपर्यंत आली. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी बाह्यरूप सोडून पेशीतल्या रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा, आरएनए वाचला, तर जिवाणू म्हणून धरलेला एक मोठा गट जिवाणूंपासून फार लांबचा निघाला. ते आर्किया. म्हणून 1990 मध्ये जिवाणू, आर्किया आणि आपण सगळे केंद्रकवाले अशी तीन अधिक्षेत्रं, म्हणजे सृष्टींपेक्षाही मोठे गट, झाली. पाच सृष्टी खोट्या ठरल्या असं नाही, फक्त मोनेरा हा कप्पा दोन अगदी परक्या घराण्यांना एकत्र कोंबून केला होता हे कळलं.

आर्किया बघायला लांब जायला नको. जून 2020 मध्ये बुलढाण्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतं ना? पाणी आटून खारटपणा वाढला होता. आपल्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तर त्यात खारट पाण्यात वाढणारे आर्किया निघाले, त्यांच्या अंगातलं गुलाबी रंगद्रव्य पाण्यात दिसत होतं. व्हिटाकरच्या पद्धतीने त्यांना नुसतं मोनेरा म्हणून सोडून दिलं असतं. मुलाला दोन्ही पद्धती येऊ द्या, आणि कुठली कशावरून केली तेवढं त्याला विचारत जा.

प्रश्न : सोसायटीत वड, पिंपळ आणि उंबराला नावाच्या पाट्या लावतोय. शास्त्रीय नावं काय आणि कशी लिहायची?
— सोसायटीचे सेक्रेटरी, औंध

उत्तर : काका, फार चांगलं काम करताय. वड फायकस बेंघालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. रोमन लिपीत लिहिताना पहिल्याचं पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळं लहान, आणि छापलं तर तिरप्या टायपात, हाताने रंगवलं तर दोन्ही शब्दांना वेगवेगळी अधोरेषा. तिघं एकाच प्रजातीचे, पान तोडलं की तिघांतून पांढरा चीक येतो, आणि फळ फोडलं तर आतल्या भिंतीला बारीक फुलं असतात, उंबरात तर मुलांना नुसत्या डोळ्यांनी दाखवता येतील. फणस आणि तुतीही त्यांच्याच कुळातले, तेही सोसायटीत असतील तर पाटीवर ‘कुल : मोरेसी’ घाला म्हणजे नातं लक्षात येईल. जुन्या मराठी पुस्तकात उंबराचं फायकस ग्लोमेराटा सापडेल, ते आता वापरत नाहीत.

बाकी झाडांबद्दल शंका असेल तर फांदी, पान, फूल किंवा फळ असा नमुना वर्तमानपत्रात दाबून कोरेगाव रोडवरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात विचारून बघा. आणि पाटी खिळ्याने ठोकू नका, जमिनीत छोटा खांब रोवून त्यावर लावा, बुंधा दर वर्षी जाड होत जातो.