बूट माळ्यावर ठेवू का?

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. टिळकवाडीच्या लेले मैदानावर खेळत तो वाढला आणि तेराव्या वर्षी बेंगळुरूच्या एका फुटबॉल अकादमीत निवडला गेला. चार महिन्यांपूर्वी गुडघ्यातील एसीएल लिगामेंट तुटले, शस्त्रक्रिया झाली आणि अकादमीने त्याला घरी पाठवले. आता तो मित्रांचे फोन घेत नाही, रात्र रात्र जागा असतो. ‘मी आता कुणीच नाही,’ असे एकदा म्हणाला. नातेवाईक म्हणतात, खेळ विसरून पीयूसीकडे (अकरावी-बारावीकडे) लक्ष दे. त्याचे बूट आणि जर्सी माळ्यावर ठेवून द्यावीत का?
— एक आई, बेळगाव

उत्तर : ‘मी आता कुणीच नाही’ हे वाक्य आपण लक्षात ठेवले, हे फार बरे झाले. माणूस स्वतःला किती प्रमाणात खेळाडू म्हणून ओळखतो, याचे मोजमाप ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडले. ही ओळख घट्ट असणे वाईट नव्हे; पहाटे उठून सराव करण्याचे बळ तिच्यातूनच येते. मात्र तीच एकमेव ओळख असेल, तर दुखापत किंवा संघातून वगळले जाणे हा केवळ शरीरावरचा किंवा कारकिर्दीवरचा आघात राहत नाही; ‘मी कोण’ या ओळखीवरच तो घाव ठरतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठी घरातला तेरा वर्षांचा मुलगा बेंगळुरूच्या वसतिगृहात जातो, भोवती कन्नड, हिंदी, इंग्रजी बोलणारी मुले असतात, आणि तिथे त्याची मैत्री जुळते ती बहुधा चेंडूमुळेच. त्यामुळे त्याचा खेळ थांबला तेव्हा सोबती, दिनक्रम आणि बोलण्याचे विषयही एकदमच सुटले असणार. अशा मुलाला ‘खेळ विसर’ असे सांगणे म्हणजे त्याच्या आयुष्यातील चार वर्षे वाया गेली, असे सांगण्यासारखे आहे. नातेवाइकांना हे आपणच, शांतपणे पण स्पष्ट शब्दांत, सांगावे.

अशा शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळाकडे परतण्यास साधारणपणे किमान नऊ महिने द्यावे लागतात. घाई केल्यास गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका वाढतो. म्हणून चौथ्या महिन्यात त्याच्या भवितव्याचा निकाल कुणीही लावू नये. फिजिओथेरपीचा रोजचा व्यायाम सुरू राहावा, आणि तो तयार असेल तर मैदानावरच्या लहान मुलांना आठवड्यातून एकदा पासिंग शिकवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. अभ्यास जरूर व्हावा, पण खेळ गमावल्याची शिक्षा म्हणून नव्हे.

झोप नसणे आणि मित्रांना टाळणे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे; धारवाडचे डिमहान्स हे मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आपल्याला फारसे दूर नाही. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचे काही तो बोलला, तर मात्र त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क उपलब्ध आहे.

बूट आपण होऊन हलवू नयेत. ते कुठे ठेवायचे, हे त्यालाच विचारावे. त्याने उत्तर दिले नाही, तर आहेत तिथेच राहू द्यावेत.