वाचकांचे प्रश्न : दवाखान्यातला कचरा

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं 20 खाटांचं हॉस्पिटल आहे. जाळायच्या संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांचं वजन काही केल्या कमी होत नाही. स्टाफला दोनदा ट्रेनिंग दिलं. आणखी काय करायचं?
— व्यवस्थापक, राजारामपुरी

ट्रेनिंग थोडं बाजूला ठेवा आणि पिवळ्या बादलीच्या शेजारी काय ठेवलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. साध्या कचऱ्याची बादली कॉरिडॉरच्या टोकाला, सिस्टरच्या एका हातात ट्रे. मग सिरिंजचं वेष्टनही पिवळ्यातच पडणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दवाखान्यातला सुमारे 85 टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो. तो पिवळ्यात गेला की थेट भट्टीत जातो. त्यात पीव्हीसी प्लॅस्टिकची नळी असेल तर क्लोरीनमुळे डायॉक्सिन या विषारी द्रव्याची भर.

एक सलाईन संपल्यावर काय काय उरतं ते मोजा. बाटलीचं वरचं प्लॅस्टिक आणि सेटचं पाकीट पेशंटपर्यंत गेलेलंच नसतं, ते कोरड्या कचऱ्यात. रिकामी बाटली, नळी आणि हातमोजे लाल पिशवीत. सुई कापून पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. कॅन्युलाची, म्हणजे शिरेत ठेवायच्या नळीची, आतली सुईही तिथेच. फोडलेलं अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) निळ्या खोक्यात. पिवळ्यात जायचा तो रक्ताचा बोळा आणि चिकटपट्टी, एवढंच. म्हणजे ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरच छोट्या बादल्यांचा सेट हवा आणि जिथे जिथे पिवळी, तिथे हाताच्या अंतरावर कोरडीही. ओपीडीच्या प्रतीक्षागृहात आणि बिलिंगपाशी पिवळी बादली ठेवूच नका. तिथे चहाचे कप येऊन पडतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये मोठा फरक पडतो. छेद घेण्याआधी उघडलेल्या पॅकची बाहेरची वेष्टनं आणि खोके साध्या पिशवीत गोळा करा आणि छेद घेण्याआधीच ती पिशवी बांधून बाहेर काढा. नंतर काढायची म्हटलं तर कशावर रक्त उडालंय याचा वाद होतो आणि सगळंच पिवळ्यात जातं.

आठवडाभर प्रत्येक पिशवीवर विभागाचं नाव लिहून लटकत्या काट्यावर वजन घ्या. पेशंटच्या मानाने ज्या विभागाचा आकडा फुगलेला दिसेल, तिथली बादली भरत असताना वरून डोकावून बघा. भरलेली पिशवी उघडून मावशींना पुन्हा निवडायला मात्र लावू नका. सुई टोचण्याचा धोका तिथे सर्वांत जास्त. कचरा ज्याच्या हातून होतो, त्यानेच तो त्या क्षणी वेगळा करायचा.

प्रश्न : सलाईनच्या बाटल्या भंगारवाला किलोवर मागतो. हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवून दिल्या तर चालेल का? नाहीतरी प्लॅस्टिकचा पुनर्वापरच होणार.
— परिचारिका, शाहूपुरी

नाही चालणार. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लाल पिशवी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातच जायला हवी. तिथे ऑटोक्लेव्ह होऊन, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होऊन, श्रेडरमध्ये तुकडे होतात, मगच तो माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो. तुकडे करण्यामागचं कारण उघड आहे : धुऊन पुन्हा विकलेली सिरिंज.

बुडवण्याचा भरवसाही धरू नका. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की द्रावण आत पोचतच नाही. द्रावणाला ऊन लागलं, त्यात रक्त मिसळलं की ते झपाट्याने निकामी होतं. रक्त सांडलं तर पुसायला ते 1 टक्क्याचं, त्याच दिवशी केलेलं हवं : बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर 1 लिटरला 4 लिटर पाणी, 10 टक्के असेल तर 9 लिटर. भिंतीवर 10 टक्क्यांचा जुना तक्ता असेल तर उतरवा; 2018 च्या दुरुस्तीत ते 1 ते 2 टक्के झालं आहे. शिवाय बादल्याच्या बादल्या गटारात ओतल्या की सांडपाणी प्रकल्पातले जिवाणू मरतात आणि मग प्रकल्प वास मारतो म्हणून सगळे ओरडतात. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडशी त्याची गाठ कधीच पडू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

भंगार विकायचंच असेल तर औषधांचे खोके, पुठ्ठा आणि कोरडी वेष्टनं विका. तेही थोडंथोडकं नसतं.

प्रश्न : 2019 आणि 2021 च्या महापुरात कचऱ्याची गाडी आलीच नाही. कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, या नियमाचं काय करायचं?
— डॉक्टर, शाहूपुरी

ती मुदत मुख्यतः शरीराचे अवयव आणि रक्ताने माखलेल्या कचऱ्याला आहे. नाइलाजाने ओलांडावी लागली तर त्रास होणार नाही अशी व्यवस्था करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवायचं. फोनवर न थांबता ई-मेल करा, पुढे तोच पुरावा.

तयारी जूनआधीच करा. कचऱ्याची खोली तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये असेल तर पावसाळ्यापुरती पहिल्या मजल्यावर न्या. पाण्यावर तरंगत गेलेली पिशवी कोणत्या पेठेत लागेल सांगता येत नाही. प्रसूतिगृह असेल तर वारेसाठी (प्लॅसेंटासाठी) झाकणाचा वेगळा डीप फ्रीझर आणि त्याला जनरेटरची लाइन हवी. लाल, निळा, पांढरा कचरा कोरड्या जागी थांबू शकतो, म्हणून गाडी आली की पिवळा आधी चढवा. लॅबमधली कल्चर (तपासणीसाठी वाढवलेले जंतू) आणि रक्ताचे नमुने एरवीही जागेवरच ऑटोक्लेव्ह करायचे असतात : साध्या यंत्रात 121 अंश, 15 पौंड दाब, 60 मिनिटं. यंत्र ठासून भरलं तर वाफ मधोमध पोचत नाही आणि तक्त्यावरचा आकडा नुसताच खरा दिसतो.

प्रश्न : डायलिसिससाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी वापरता येईल का?
— टेक्निशियन, इचलकरंजी

येईल. ते पेशंटला लागलेलं नसतं, फक्त क्षार जास्त असतात. वेगळ्या टाकीत घेऊन संडासाच्या फ्लशला आणि फरशीला वापरा. ऑटोक्लेव्हला नको, क्षार चढतात. कुंड्यांना रोज नको, माती खारावते. डायलिसिसच्या मशीनमधून बाहेर पडणारं द्रावण मात्र वेगळं. मिनिटाला 500 मिली धरलं तर चार तासांत 120 लिटर होतं, आणि ते सांडपाणी प्रकल्पातच गेलं पाहिजे. दोन्ही पाइपना वेगळे रंग द्या, नाहीतर पुढचा प्लंबर ते जोडून मोकळा होतो.

प्रश्न : आईला घरी इन्सुलिन देतो. सुया घंटागाडीत टाकल्या तर?
— वाचक, गडहिंग्लज

कचरा निवडणाऱ्याच्या हातात घुसतात. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई आरपार येते. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायच्या भानगडीत न पडता ती थेट बाटलीत टाका. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असं ठळक लिहा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्या दवाखान्यात द्या. त्यांच्या पांढऱ्या डब्याबरोबर ती पुढे जाते. इन्सुलिनच्या रिकाम्या काचेच्या कुप्या वेगळ्या ठेवा, त्या त्यांच्या निळ्या खोक्यात जातील.