लीशवरचा हात

पोरी,

काल फोनवर तू विचारलंस की काका, श्वान पथकात माझं नाव आलंय, आता काय वाचू, कुठले व्हिडिओ बघू. समोर पाहुणे बसले होते म्हणून मी नुसतं हं हं केलं, ते काही बरोबर नाही झालं, म्हणून आज निवांत लिहितोय. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

व्हिडिओ आधी बघू नकोस. त्यात कुत्री जळत्या रिंगणातून उड्या मारतात, माणसाच्या बाहीला लटकतात. मी पण २६ जानेवारीला ग्राउंडवर हे सगळं दाखवून टाळ्या घेतल्यात, खोटं कशाला बोलू. पण बाकीचे ३६४ दिवस टाळ्याबिळ्या काही नसतं. पहाटे पाचला उठून केनल, म्हणजे कुत्र्याची राहायची खोली, धुवायचं, कुत्र्याला फिरवायचं, ब्रश मारायचा, कान बघायचे, पंजाच्या बोटांत गोचीड शिरलीय का ते चाचपायचं. पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात जाशील तेव्हा सुरुवातीला तुला वाटेल की अरे आपण भरतीला एवढं पळलो ते कुत्र्याची शी उचलायला का. तर हो. शी पातळ आहे का घट्ट, रात्रीचं खाणं ताटलीत राहिलं का, पाणी जास्त प्यायला का, यावरून आज हे जनावर काम करेल का नाही ते तुला कळायला लागतं, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून कळत नाही. ट्रॅकरचा, म्हणजे माग काढणाऱ्या कुत्र्याचा, कोर्स नऊ महिन्यांच्या आसपास चालतो, तेवढ्यात कुत्रा तर शिकतोच, पण मला विचारशील तर तो कोर्स जास्त माणसाचा असतो.

आता नाकाचं सांगतो, कारण सगळा खेळ तिथंच आहे. आपल्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत, जातीप्रमाणं कमीजास्त. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत-बाहेर करतो आणि सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर टाकतो, त्यामुळं समोरून येणारा वास उधळून जात नाही. मिसळीची प्लेट आली की आपल्याला मिसळीचा वास येतो, त्याला मटकी वेगळी, कांदा वेगळा, कटातलं खोबरं वेगळं आणि प्लेट ज्या फडक्यानं पुसली ते फडकं पण वेगळं. म्हणून लोक सांगतात ना की गांजा हळदीच्या पोत्यात घातला की कुत्रा फसतो, ते तसं नसतं. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या धुरळ्यानं कुत्रा शिंकतो, वैतागतो, त्याला दोन मिनिटं बाहेर आणून मोकळी हवा द्यावी लागते, पण हळदीखालचा वास त्याच्यासाठी झाकला जात नाही.

पण याच नाकाचा एक घोळ आहे. कुत्र्याला आपण काय शिकवतोय ते आपल्याला वाटतं तेच तो शिकतो असं नाही. शिकवायची पद्धत दिसायला सोपी आहे, वास आला की बॉल मिळतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं. रांगेत डबे ठेवायचे, एकात माल, म्हणजे जे शोधायला शिकवायचं त्याची पुडी, बाकी रिकामे, बरोबर डब्यापाशी बसला की लगेच बॉल फेकायचा, लगेच म्हणजे लगेच, तू खिशात चाचपडत बसलीस की संपलं. स्फोटकाच्या कुत्र्याला गुपचूप बसायला शिकवतात, पंजा मारायला नाही, का ते तुला सांगायला नको. तर आमच्या एका लॅब्रॉडॉरनं सरावात महिनाभर एकही डबा चुकवला नाही, आम्ही खुश. मग एक दिवस त्यानं एका रिकाम्या डब्यापाशी बसकण मारली आणि हलेचना. बघितलं तर त्या डब्याला आम्ही झाकण बसत नाही म्हणून तीच चिकटपट्टी लावली होती जी मालाच्या पुडीला लावायचो. म्हणजे महिनाभर गडी चिकटपट्टी शोधत होता! दोष त्याचा नव्हता, तो इमानदारीत बॉल कमवत होता. तेव्हापासून मी रिकाम्या डब्यांत पण कोरी पुडी, तीच पट्टी, त्याच हातमोज्यानं ठेवायला लागलो, आणि माल लपवायचं काम दरवेळी वेगळ्या माणसाला द्यायचो. अधूनमधून काहीच न लपवता पण खोली हुंगवायची, कारण काही नाही हे पण एक उत्तर आहे आणि ते देता आलं पाहिजे, कुत्र्याला पण आणि तुला पण.

आता जे सांगणार आहे ते मी घरात पण फारसं बोलत नाही.

तासगावच्या पुढच्या एका गावात घरफोडी झाली होती. माझ्याकडं तेव्हा रूबी होती, डॉबरमन, चार वर्षांची, अतिशय सरळ काम. आम्ही पोचलो तर अंगणात निम्मं गाव उभं आणि जो तो कानात येऊन सांगतोय की शेजारच्या मळ्यातला सालगडी, त्याच्यावर नजर ठेवा, नवीन आहे, बाहेरचा आहे. साहेब पण तेच म्हणाले. कडी उचकटायला वापरलेली पहार पडली होती, तिचा वास दिला आणि रूबी निघाली. मागच्या दारानं, केळीच्या बागेतनं, बांधावरनं, नाक खाली, शेपूट ताठ, लीश, म्हणजे माझ्या हातातली तिची दोरी, एकसारखी ताणलेली. बांध संपतो तिथं डावीकडं कॅनॉलचा रस्ता आणि उजवीकडं गड्यांच्या खोपी. तिची मान कॅनॉलकडं होती. मला आजही दिसते, डावा कान मागं पडलेला आणि मान कॅनॉलकडं. आणि मी लीशचा एक वेढा मुठीला जास्त घेतला. एवढंच केलं. ओढलं नाही, बोललो नाही, नुसता एक वेढा, आणि पाय आपोआप उजवीकडं वळले. ती थांबली, मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मग मला जिकडं जायचं होतं तिकडं आली. तिसऱ्या खोपीच्या दारात बसली. लोकांनी ओरडा केला, कुणीतरी तिच्या गळ्यात हार घालायला आणला.

त्या माणसाला दोन दिवस बसवून ठेवलं. त्याची बायको चौकीच्या पायरीवर डबा घेऊन बसलेली असायची, मी दोनदा तिच्या शेजारनं जिना चढलो. तिसऱ्या दिवशी कपाटावरचे ठसे जुळले ते घरमालकाच्याच एका नातेवाईकाचे, आणि त्यानं सांगितलं की मोटरसायकल कॅनॉलवर लावली होती. रूबी निघाली होती तिथंच.

मला कुणी काही बोललं नाही. कागदावर काहीच चूक नव्हती, श्वान खोपीसमोर जाऊन बसले असं लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. पुढं काही वर्षांनी एका जनावरांच्या डॉक्टरनं मला एक प्रयोग सांगितला. तो २०११ साली छापून आला. कॅलिफोर्नियात १८ हँडलर (कुत्र्याला घेऊन काम करणारे) आणि त्यांच्या कुत्र्यांना एका चर्चमध्ये शोधायला लावलं, हँडलरना सांगितलं की लाल कागद दिसेल तिथं माल आहे. खरं तर माल कुठंच नव्हता. १४४ वेळा शोध झाला आणि फक्त २१ वेळा जोडी काही नाही म्हणून बाहेर आली, बाकी सगळीकडं इंडिकेशन, म्हणजे इथं माल आहे अशी खूण, आणि लाल कागदापाशी जास्त. मला ऐकताना हातावर काटा आला, कारण माझा लाल कागद म्हणजे तो सालगडी होता.

कोर्टाला हे आधीपासून कळतं बघ. १९७० च्या आसपास महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की कुत्रा काही पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या वतीनं हँडलर बोलणार, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर टांगू नये. तेव्हा तुझं काम तपासाला दिशा द्यायचं आहे, आरोपी ठरवायचं नाही. म्हणून जागेवर गेलीस की आधी कुणाशी बोलायचं नाही. संशयित कोण ते ऐकायचंच नाही, साहेब सांगायला लागले तर हात जोडून म्हणायचं, साहेब, माझा ट्रॅक होऊ द्या मग सांगा. राग येईल त्यांना, येऊ दे. गर्दी मागं हटवायला लावायची, वस्तूला कुणाला हात लावू द्यायचा नाही, तू पण नाही, चिमट्यानं उचलायची.

पेपरात तू वाचलं असशील, आपल्याकडं ते वाक्य ठरलेलं आहे, श्वान पथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले. लोक हसतात. अगं, घुटमळला म्हणजे फेल नाही झाला. चोर तिथं गाडीवर बसला, जमिनीवरचा वास तिथंच संपला, हेच तो सांगतोय. त्या जागी टायरचा ठसा बघ, गुटख्याची पुडी बघ, समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही कुठल्या वेळेचा बघायचा ते त्यावरनं ठरतं. माणसाच्या अंगावरून कातडीचे बारीक कण सारखे गळत असतात, पायाखाली गवत चिरडतं, त्याचा वास मातीत दवाबरोबर टिकतो. पहाटे उसाच्या बांधावर ट्रॅक पाण्यासारखा वाहतो आणि दुपारी बारा वाजता तोच ट्रॅक डांबरी रस्त्यावर आला की गेला. त्यात पंचनामा होईपर्यंत चाळीस जण तिथनं चालून गेलेले असतात ते वेगळंच.

उन्हाचं मात्र नीट ऐक. एप्रिलमध्ये मिरज स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर ड्युटी लागली तर आधी तुझ्या हाताची पालथी बाजू फरशीवर टेकव, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो तोंडानं धापा टाकून गार होतो, आणि धापा टाकणारा कुत्रा धड हुंगत नाही. म्हणजे तापलेल्या कुत्र्याकडून रेल्वेचा डबा तपासून घेणं हा नुसता देखावा. त्याचं अंग एरवीच एकशे एक-दोन असतं, एकशे सहाच्या वर गेलं की जीवावरचं, सावलीत घ्यायचं, पाणी ओतायचं, पंखा लावायचा आणि डॉक्टर. जेवल्या जेवल्या पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात पीळ पडतो, काही तासांत खेळ खलास.

आणि बेदाणा! ही गोष्ट आपल्याच भागात सांगावी लागते. तासगाव-पलूसकडं बंदोबस्ताला गेलीस की एखादी आजी प्रेमानं मूठभर बेदाणे कुत्र्यापुढं धरणार. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विष आहेत, कुणाला थोडेही बाधतात. आजीला नाही म्हणायला जड जातं, मग तिला सांगायचं, आजी याचा उपवास आहे. चालतं ते.

गणपतीत मिरजेच्या मिरवणुकीआधी मार्ग तपासायचा असतो तेव्हा डॉल्बी सुरू व्हायच्या आत काम उरकून घे, त्या आवाजात कुत्र्याचं लक्ष लागत नाही आणि त्याच्या कानांची दशा आपल्यापेक्षा वाईट. अटॅकच्या ट्रेनिंगबद्दल मी फार सांगत नाही, तिथले उस्ताद शिकवतील, फक्त चावायला शिकवणं सोपं आणि सोडायला शिकवणं अवघड, त्यात मेहनत घे.

जंजीरचं नाव तुला माहीत असेल, मुंबईचा लॅब्रॉडॉर, १९९३ च्या स्फोटांनंतर तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स शोधला असं त्याच्या नावावर आहे. २००० साली हाडाच्या कॅन्सरनं गेला तेव्हा त्याला सलामी दिली. तो फोटो बघून कितीतरी पोरं या पथकात आली, मी पण त्याच्यावर बोलायला लागलो की थांबत नाही. पण तुझ्या कुत्र्याला आयुष्यभर काहीच सापडलं नाही असंही होऊ शकतं. हजारो बॅगा हुंगल्या आणि एकात पण काही नाही. अशा वेळी आपणच मधे मधे सरावाचा माल लपवून त्याला बॉल मिळवून द्यायचा, नाहीतर त्याचा कामावरचा विश्वास उडतो. तुझं तू बघ.

एक वही कर. रोज लिही, कधी काम केलं, हवा कुठून होती, ऊन का दव, किती जुना ट्रॅक, कुठं चुकला आणि तेव्हा तुझा हात कुठं होता. हे शेवटचं खरं लिहायचं, वही तुझ्याशिवाय कुणी बघणार नाही. माझ्या वह्या आहेत माळ्यावर, अक्षर घाण आहे पण हव्या तर घेऊन जा.

पुण्याला जायच्या आधी एखाद्या रविवारी ये. साडेसहाच्या आत ये पण, नंतर दव राहत नाही. जुनी चप्पल घालून ये, आपल्या मळ्यात तू बांधावरनं चालत जाऊन चप्पल कुठंतरी उसात टाकून परत ये, मी बघणार नाही. माझ्याकडं हल्ली एक गावठी आहे, ट्रेनिंग काही नाही, नुसतं हौसेनं शिकवलंय. लीश तू धर.

तुझा काका