टॅबप्रमाणे वाजतं, तरी ब्लूज लागत नाही : बी. बी. किंग आणि अल्बर्ट किंगच्या सोलोंबद्दल

तुमचा प्रश्न असा : गिटारवर मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचे पाचही बॉक्स (बोटांच्या जागांचे साचे) पाठ आहेत, टॅबवरून (तार आणि फ्रेटचे आकडे देणाऱ्या लिपीवरून) सोलो पूर्ण वाजतो, पण बी. बी. किंग किंवा अल्बर्ट किंग या अमेरिकन ब्लूज गिटारवादकांची छाप त्यात येत नाही. शिवाय ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातून) रेकॉर्ड केलं की आवाज पातळ आणि करकरीत येतो.

टॅब तुम्हाला फ्रेटचा आकडा देतो. सूर कुठून उचलला, किती चढवला, कधी हलायला लागला आणि कुठे तोडला, हे त्यावरून कळत नाही. या वादकांची ओळख मात्र तिथेच आहे. म्हणून टॅब बाजूला ठेवा आणि एका वादकाचा एकच १२ बारांचा कोरस (चार-चार मात्रांच्या १२ मापांचं ब्लूजचं एक आवर्तन) कानाने उतरवा. वेग ७० टक्क्यांवर आणा, दोन-दोन बार लूप करा. ५० टक्क्यांच्या खाली जाऊ नका, तिथे व्हायब्रॅटोचा (सूर धरून हलवण्याचा) आकारच विरघळतो. प्रत्येक फ्रेज आधी गळ्यातून काढा, मगच गिटार हातात घ्या. जुनी रेकॉर्डिंग्ज पुष्कळदा थोडी चढी किंवा उतरी असतात. अशा वेळी गिटारचं ट्यूनिंग न बदलता रेकॉर्डिंगच काही सेंट (एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर-खाली करून घ्या.

सुरुवात बी. बी. पासून करा. १९६४च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेलं त्याचं थेट रेकॉर्डिंग यासाठी उत्तम आहे. ए हा षड्ज धरला तर त्याचा बॉक्स असा बसतो : दुसऱ्या तारेवर १०व्या फ्रेटला सा, १२व्याला रे, पहिल्या तारेवर १०ला म, १२ला प, तिसऱ्या तारेवर ११ला शुद्ध ध. एवढ्याच जागेत तो कितीतरी बोलतो. रेची तार बोटाने आडवी ओढून कोमल ग (१३व्या फ्रेटचा सूर) किंवा शुद्ध ग (१४व्याचा) काढायचा, प ओढून ध. ओढण्याआधी तो सूर फ्रेटवर वाजवून कानात बसवा, मग ओढा आणि ट्यूनरवर पाहा. ओढ बहुधा कमी पडते, कारण जोर एकट्या अनामिकेवर येतो. तिच्या मागे मधलं बोट लावा.

त्याच्या व्हायब्रॅटोत तर्जनी सुरावर असते, अंगठा मानेवरून सुटलेला असतो आणि हालचाल मनगटातून येते. सूर आधी क्षणभर स्थिर राहतो, मग हलतो. बरेच जण लागल्याक्षणी हलवायला लागतात आणि तिथेच घोटाळा होतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. सतारीची मींड ऐकलेल्या कानाला हे पटकन कळेल. पहिल्या तारेवरचा ८व्या फ्रेटचा कोमल ग ए सेव्हन कॉर्डवर किंचित, म्हणजे पाव सुराएवढा, वर ढकला. पण पाचव्या बारला डी सेव्हन आला की तोच सूर सरळ वाजवा, कारण तो त्या कॉर्डचा कोमल निषाद आहे आणि वर ढकलला तर कॉर्डशी भांडतो. कॉर्ड बदलली की गंधार बदलायला हवा. सगळ्या १२ बारांवर एकच स्केल फिरवणाऱ्याचा सोलो सपाट लागतो तो यामुळेच. बी. बी.चं ‘द थ्रिल इज गॉन’ (१९६९) बी मायनरमध्ये आहे. तिथे शुद्ध ग तर नकोच, आणि शुद्ध धही टाळा, कारण तो पुढे येणाऱ्या जी कॉर्डशी भिडतो.

अल्बर्ट किंग डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार तो तारा न बदलता उलटी धरायचा आणि वरच्या बाजूला आलेल्या बारीक तारा खाली ओढायचा. ट्यूनिंग बरंच खाली असल्यामुळे तारा सैल असत, म्हणून एका ओढीत दोन पूर्ण सूर (चार फ्रेट) चढवणं त्याला जमे. तुम्ही १०चा सेट (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) एक पूर्ण सूर खाली ट्यून करा, नाहीतर बोटं दुखावतील. पिकऐवजी अंगठा वापरा. ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ (१९६७) ऐकताना तो किती कमी सूर वाजवतो ते मोजा. फ्रेडी किंग हा तिसरा ब्लूज गिटारवादक नंतर घ्या. त्याची धार उजव्या हाताच्या प्लास्टिक थंबपिक आणि धातूच्या फिंगरपिकमधून येते, साध्या पिकने ती पूर्ण येत नाही.

रेकॉर्डिंगकडे वळू. आवाज पातळ येण्याची तीन नेहमीची कारणं आहेत. गिटार लाइन इनपुटला जोडलेली असते. पॅसिव्ह पिकअपला साधारण १ मेगाओमचा इन्स्ट्रुमेंट इनपुट लागतो, लाइन इनपुट तिचा जीव शोषून घेतो. दुसरं, ॲम्प सिम्युलेटरमध्ये (ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची नक्कल, बंद असतं, त्यातून ती करकर येते. तिसरं, गेन (आवाज फाटवणारी वाढ) जास्त. हळू छेडल्यावर स्वच्छ आणि जोरात मारल्यावर जेमतेम फाटेल इतकाच गेन ठेवा, नाहीतर हाताचा जोर ऐकूच येणार नाही. नेक (मानेजवळचा) पिकअप घ्या, टोनची खुंटी ६-७वर.

रेकॉर्डिंग २४ बिटला करा, आवाजाची शिखरं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर. जाण्या-येण्याचा एकूण उशीर त्याहून जास्त होतो. उशीर जाणवला तर ६४वर आणा. खरा ॲम्प असेल तर डायनॅमिक माइक जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला लावा. मध्यावर आवाज टोचतो, बाहेर सरकवला की मंद होतो.

मेट्रोनोम बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून पूर्ण कोरसचे तीन-चार टेक घ्या. जोडायचंच असेल तर फ्रेजच्या मधल्या शांततेत जोडा. एकेक सूर पंच-इन केला (तेवढाच पुन्हा रेकॉर्ड करून मधे बसवला) की आधीच्या सुराची शेपटी तुटते आणि व्हायब्रॅटो मधेच कापला जातो. ॲम्पच्या आवाजासोबत कोरडा डीआय (ॲम्पशिवाय थेट गिटारचा) ट्रॅकही जपून ठेवा, मूळ सोलोशेजारी ओढी तपासायला तोच सर्वांत उपयोगी पडतो.