एका स्वल्पविरामासाठी संदर्भ हाताने टाइप करू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या प्रबंधाचे शेवटचे महिने डोळ्यांपुढे आले. प्रबंध टाइपसेट करायच्या लेटेक प्रणालीत संदर्भ छापणारं पॅकेज म्हणजे बिबलेटेक; त्याच्या ऑथर-इयर (लेखक-वर्ष) स्टाइलमध्ये कंसात (जोशी २००४) असं छापून येतं, विद्यापीठाला (जोशी, २००४) हवंय, जमा करायला १५ दिवस उरलेत, तर सगळे संदर्भ हातानेच टाइप करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

आधी उपाय सांगते, कारण तो एका ओळीचा आहे. नाव आणि वर्ष यांच्यामध्ये काय छापायचं हे नेमइयरडेलिम ठरवतं. मूळ स्टाइलमध्ये तिथे नुसती मोकळी जागा आहे. प्रिअँबलमध्ये, म्हणजे फाइलीत मजकुराआधी येणाऱ्या भागात, डिक्लेअरडेलिमफॉरमॅट ही आज्ञा देऊन तिथे ॲडकॉमा आणि स्पेस घाला. मात्र चौकोनी कंसात पॅरेनसाइट लिहून ती कंसातल्या संदर्भांपुरतीच ठेवा. नाहीतर टेक्स्टसाइटने वाक्यात आलेल्या नावापुढेही स्वल्पविराम पडून "जोशी, (२००४)" असं दिसू शकतं. नॅटबिब या संदर्भांच्या दुसऱ्या पॅकेजमध्ये हा स्वल्पविराम आधीपासूनच असतो. तिथे तो काढायचा असेल तर सेटसाइटस्टाइल या आज्ञेत एवायसेप (लेखक आणि वर्ष यांमधलं चिन्ह) रिकामं ठेवावं लागतं.

ही ओळ मला तेव्हा माहीत नव्हती. माझा विषय रोजगार हमी योजना, त्यामुळे सूचीत महाराष्ट्र शासनाचे निर्णय आणि अहवाल ढीगभर. कायदा १९७७ चा, लागू झाला १९७९ मध्ये, आणि त्या एका वर्षातलेच पाच शासन निर्णय मी वापरले होते. म्हणजे लेखक एकच, वर्ष एकच. अशा वेळी वर्षापुढे अ, ब, क लागतात आणि ती अक्षरं सूचीतल्या क्रमावरून ठरतात: आधी नाव, मग वर्ष, मग शीर्षक. हे तुम्हाला माहीत असेलच. पण याचा अर्थ असा की एखादी नोंद वाढली किंवा गळली की अक्षरं सरकतात. कालचा १९७९ब आज १९७९ड होऊ शकतो.

प्रबंध पहिल्यांदा परत आला तेव्हा सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: "संदर्भ नियमावलीनुसार नाहीत." नियमावलीत फक्त "हार्वर्ड पद्धत" एवढंच लिहिलेलं. आता हार्वर्ड हे लेखक-वर्ष पद्धतीचं सैल नाव आहे, एपीए किंवा शिकागो या संदर्भ-पद्धतींसारखी तिची एकच अधिकृत पुस्तिका नाही. एपीएमध्ये वर्षाआधी स्वल्पविराम असतो, शिकागोच्या लेखक-वर्ष पद्धतीत नसतो. कुठलं हार्वर्ड, हे विचारायला मी विद्यापीठाच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. दोनदा "मार्गदर्शकांना विचारा" म्हणून परत पाठवलं. मार्गदर्शक म्हणाले, कार्यालयाला विचारा. तिसऱ्या खेपेला एका जुन्या प्रबंधाचं पान उघडून बोट ठेवलं गेलं आणि कळलं की अडलंय ते स्वल्पविरामापाशी. खिडकीत बसलेल्या माणसाला मी दोष देत नाही, त्यालाही कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. पण विद्यार्थ्याचा प्रबंध अडवायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी काय चुकलं ते सांगायलाच हवं. तीन आठवडे गेले, आणि त्या घाईतच मी पुढची चूक केली.

दोन रात्री बसून सगळे संदर्भ छापील रूपात, स्वल्पविरामासकट, हाताने टाइप केले. साइटची, म्हणजे संदर्भ आपोआप घालणारी, एकही आज्ञा ठेवली नाही. साहजिकच संदर्भसूची रिकामी झाली, कारण सूचीत तेच छापलं जातं जे साइट केलेलं असतं. मग नोसाइट आज्ञेला तारांकन देऊन अख्खी बिब फाइल, म्हणजे संदर्भांच्या नोंदींची फाइल, सूचीत ओतली. तिच्यात मी कधीतरी जमवलेले, पण प्रबंधात न वापरलेले १९७९ चे आणखी दोन शासन निर्णय होते. त्यांची शीर्षकं अकारविल्हे आधी येणारी निघाली. सूचीत सगळी अक्षरं दोन घरं पुढे गेली आणि मजकुरातली, हाताने टाइप केलेली, जागच्या जागी राहिली.

एकही एरर आला नाही. पीडीएफ देखणी दिसत होती. मजुरीच्या दरांबद्दल मी जिथे १९७९ब लिहिलं होतं, तिथे सूचीत आता भलताच निर्णय होता. बहिःस्थ परीक्षकांनी तो काढून पाहिला आणि अहवालात लिहिलं की दिलेला आधार विधानाला पुष्टी देत नाही. त्यांचं काहीच चुकलं नाही. दुरुस्त्या, पुन्हा छपाई, पुन्हा तेच कार्यालय यात चार महिने गेले. त्याहून लागलं ते हे की, संदर्भ खोटे दिलेत की काय, असा संशय माझ्यावर आला.

तुमच्या बिब फाइलमध्ये शासनाची प्रकाशनं असतील तर आणखी एक बघा. लेखक म्हणून नुसतं "महाराष्ट्र शासन" लिहिलं तर बायबर (बिबलेटेकसाठी नोंदी वाचून लावणारा प्रोग्राम) "शासन" हे आडनाव समजतो आणि सूचीत ते श खाली जातं. इंग्रजीत "गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र" लिहिलं तर "ऑफ" हा लहान अक्षरांतला शब्द आडनावाआधीचं उपपद धरला जातो. संस्थेचं नाव नेहमी दुहेरी महिरपी कंसात. तसंच एकाच माणसाचं नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसरीत आद्याक्षरांत असेल तर बिबलेटेक ती दोन माणसं समजतो, आणि संदर्भात अचानक कुठे आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव उगवतं. इंटरनेटवरच्या अनेक उत्तरांत युनिकनेम (सारख्या आडनावांची माणसं वेगळी दाखवणारी सोय) बंद करा असं सांगतात. माझ्या मते ते चूक आहे. नोंदी सुधारा.

आणि नियमावलीत "एपीए" एवढंच असेल तर कितवी आवृत्ती, हे लेखी विचारून घ्या. सातवी २०१९ ची आहे. तिच्यात तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून "आणि इतर". सहावीत तीन ते पाच लेखकांची नावं पहिल्यांदा सगळी द्यावी लागत. बिबलेटेकसाठी दोन्हींची पॅकेजं वेगळी आहेत.

मी काही पॅकेज लिहिणारी नाही, आणि माझा प्रबंध होऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा वर सांगितलेलं आधी दोन नोंदींच्या छोट्या फाइलवर करून बघा. जुन्या बिबलेटेकमध्ये स्वल्पविरामाची ही आज्ञा वेगळ्या रूपात होती, त्यामुळे अडलंच तर आवृत्ती आणि ती छोटी फाइल इथे टाका, मी नक्की बघेन.

काही संदर्भ तुम्ही आधीच हाताने टाइप केले असतील तर आज रात्रीच सगळ्या टेक फाइलींमध्ये चार आकडी संख्या शोधा, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंकांत. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा, आणि जे संदर्भाचं वर्ष आहे तिथे परत साइटची आज्ञा घाला. माझ्याकडे अशा २०० च्या वर जागा होत्या. एक पूर्ण दिवस लागला.