श्टिर्नर मराठीत आणायचा तर 'अहं' आधी काढा

माक्स श्टिर्नर या एकोणिसाव्या शतकातल्या, अराज्यवाद्यांत गणल्या जाणाऱ्या जर्मन विचारवंतावरच्या तुमच्या लेखमालेचे तीन भाग झाले आणि वाचक अजून म्हणतायत, 'हा तर अहंकाराचा पुरस्कर्ता', ही तुमची तक्रार वाचली. याच दगडाला ठेच लागलेली असल्यामुळे सविस्तर लिहितो. अराज्यवाद म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणारा विचार, दंगाधोपा नव्हे वगैरे तुम्हाला सांगायला नको.

वाचकांचं चुकत नाहीये, चूक तुमच्या 'अहंवाद'वाल्या मथळ्यात आहे. मूळ जर्मन पुस्तक लाइपझिगच्या ओटो विगांडने १८४४च्या अखेरीस काढलं (आत साल १८४५ छापलंय, म्हणून दोन्ही सालं दिसतात). नाव 'देअर आइन्झिगे उंड झाइन आइगेनटूम', म्हणजे 'एकमेव आणि त्याची मालमत्ता'. यात 'इगो' कुठेही नाही. आइन्झिगे म्हणजे एकमेव. 'इगो' आला तो १९०७मध्ये, स्टीव्हन बायिंग्टनच्या 'द इगो अँड हिज ओन' या इंग्रजी अनुवादाबरोबर. शीर्षकाची जबाबदारी अमेरिकन अराज्यवादी प्रकाशक बेंजामिन टकरची, आणि हे नाव मुळाशी तंतोतंत जुळत नाही हे त्याने प्रस्तावनेत स्वतःच कबूल केलंय. ती प्रस्तावना कुणी वाचत नाही.

मराठीत घोळ आणखी वाढतो. 'इगो'चं 'अहं' केलं की गीतेतला अहंकार, संतांनी टाकून द्यायला सांगितलेला मीपणा, सगळं मागोमाग येतं. मग पुढे तुम्ही काहीही लिहा, वाचकाचा निकाल आधीच लागलेला असतो. माझ्या लिखाणाला मंजुरी देणाऱ्या एका मंडळाने 'कोशात अहंवाद आहे, तोच घाला' असा हट्ट धरला आणि तो मी मानला, ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. तुम्ही मानू नका.

मी वापरतो ते शब्द देतो. मी जर्मनचा प्राध्यापक नाही, याहून चांगला शब्द सुचला तर जरूर घ्या. 'आइन्झिगे' म्हणजे एकमेव. 'इश' म्हणजे साधं मी. 'एगोइस्ट'ला मात्र 'स्वार्थी'च म्हणा, सभ्य पर्याय शोधू नका. जर्मनमध्येही ती शिवीच होती आणि श्टिर्नरने ती मुद्दाम उचलली. 'आइगेनहाइट'ला मी स्वाधीनता म्हणतो, 'स्व-अधीन', म्हणजे स्वतःच्या ताब्यात असणे, या अर्थाने. स्वातंत्र्य म्हणजे कशापासून तरी सुटका. स्वाधीनता म्हणजे जे माझ्या हातात आहे ते. हा फरक पहिल्यांदा शब्द येतो तिथेच एका ओळीत सांगा, नाहीतर दोन्ही एकच वाटतात.

एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा सरस आहे. 'श्पूक' म्हणजे भूत आणि 'बेझेसन' म्हणजे झपाटलेला. राज्य, कायदा, नीती, अगदी 'मानवता'सुद्धा: माणसाने स्वतःच कल्पिलेली आणि मग त्याच्याच मानगुटीवर बसलेली भुतं. हे मराठी वाचकाला तळटीप न देता कळतं.

आणि 'एकमेववाद' करू नका. फॉयरबाख, हेस आणि शेलिगा या समकालीन जर्मन लेखकांच्या टीकेला १८४५मध्ये दिलेल्या उत्तरात श्टिर्नर सांगतो की 'एकमेव' हे नुसतं नाव आहे, त्यात कोणताही आशय भरलेला नाही. चौथा भाग या उत्तरापासून सुरू करा, निम्मे आक्षेप तिथेच मिटतील.

दुसऱ्या भागात तुम्ही श्टिर्नरपासून अमेरिकन व्यक्तिवादी अराज्यवाद्यांपर्यंत सरळ वंशावळ काढलीय. ती चुकीची आहे. त्या अमेरिकनांपैकी जोसाया वॉरनने सिनसिनाटीत 'टाइम स्टोअर' उघडलं १८२७ साली, तेव्हा श्टिर्नर विशीत होता. तिथे मालाची किंमत त्यावर आलेल्या खर्चाइतकी, आणि दुकानदाराचा तुमच्यासाठी किती वेळ गेला ते घड्याळावर पाहून तेवढ्या वेळाची श्रमचिठ्ठी, म्हणजे तेवढा वेळ काम करून देण्याची हमी, द्यायची. माप होतं तासाभराच्या श्रमाला १२ पौंड मका, म्हणजे साधारण साडेपाच किलो. 'खर्च हीच किमतीची मर्यादा' हे तत्त्व असं गल्ल्यावर तयार झालं, श्टिर्नर बसायचा त्या बर्लिनच्या वाइनच्या गुत्त्यात नव्हे. टकर आधी वॉरन आणि फ्रेंच अराज्यवादी प्रूधाँ यांचा अनुयायी. श्टिर्नर त्याच्या 'लिबर्टी' पत्रात ठसला तो १८८६-८७च्या 'स्वार्थ की नैसर्गिक हक्क' या वादात, जेम्स वॉकर 'ताक काक' या टोपणनावाने लिहीत होता तेव्हा. नैसर्गिक हक्क मानणारे केली बहीणभाऊ त्या वादात टकरपासून दुरावले.

टकरला आजच्या बाजारवाद्यांच्या रांगेत बसवणं मला सहन होत नाही. त्याचा रोख पैसा, जमीन, जकात आणि पेटंट या चार मक्तेदाऱ्यांवर होता. व्याज, भाडं, नफा तिन्हींना त्याचा विरोध होता आणि तो स्वतःला समाजवादी म्हणवत असे.

जाता जाता एक. मार्क्स-एंगेल्सचा 'संत माक्स'वरचा (म्हणजे टिंगलीत श्टिर्नरवरचा) लांबलचक हल्ला त्या दोघांच्या हयातीत छापला गेला नाही, तो ज्यात आहे तो 'जर्मन विचारसरणी' हा पूर्ण ग्रंथ आला १९३२मध्ये. तेव्हा तिसऱ्या भागातलं 'मार्क्सच्या टीकेपुढे श्टिर्नर गप्प बसला' हे वाक्य आजच काढा.

मथळा बदलाल तेव्हा 'अहंवाद' शब्द तळाशी एका टीपेत राहू द्या. शोधणारे अजून त्याच शब्दाने शोधतात.