बाईंचा साडेचारचा राग

"मॅडम, डाएट सुरू केलं की चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. माझ्यात चिकाटीच नाही का हो?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्यासमोर किती तोंडांनी आला असेल! लग्न ठरलेली मुलगी विचारते, बाळंतपणानंतर वजन उतरवायला निघालेली आई विचारते, पोटाचा घेर कमी करायचा म्हणून रात्रीचं जेवण सोडलेले पन्नाशीचे बँकेतले साहेबही विचारतात. गंमत म्हणजे डोकं का दुखतं, हे जाणून घ्यायची कुणाला फारशी घाई नसते. सगळ्यांना निकाल हवा असतो तो स्वतःच्या चिकाटीचा. त्यामुळे उत्तर द्यायचं तर डोक्यापासून नव्हे, या चिकाटीपासून सुरुवात करावी लागते. एका शिक्षिकेची गोष्ट सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. मीही तेच म्हणते.

बाई डोकेदुखीसाठी आल्याच नव्हत्या, रागासाठी आल्या होत्या. तालुक्याच्या गावी नववीला भूमिती शिकवतात. एका मुलाची कंपासपेटी त्यांनी भर वर्गात खिडकीबाहेर भिरकावली. मुख्याध्यापकांनी समजुतीने सांगितलं, "बाई, कुणाशी तरी बोला." त्यांना मेमोपेक्षा हे वाक्य जास्त लागलं होतं.

"राग कधी येतो?" मी विचारलं.

"कधीही. स्वभावच तसा झालाय."

स्वभाव हा शब्द ऐकला की मी सावध होते. माणूस स्वभावाला सुट्टी देत नाही. रागाला मात्र वेळापत्रक असतं. मी बाईंना शाळेच्या डायरीत कोपऱ्यात तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: चिडचिड किती वाजता झाली, डोकं दुखत होतं का, आणि त्याआधी शेवटचं काय खाल्लं. तिसऱ्या गोष्टीला त्यांनी नाक मुरडलं. "खाण्याचा काय संबंध? मी डाएटवर आहे, तेवढं एक तरी नीट चाललंय."

पुढच्या भेटीत डायरी उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, वह्यांचा घोळ आहे. नववी अ च्या वह्या मी सकाळी प्रार्थनेआधी तपासते आणि ब च्या शेवटच्या तासानंतर. ब च्या निम्म्या वह्यांवर माझ्याच हातचं 'पुन्हा लिहा' आहे. काल दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहिले. चुका सारख्याच आहेत."

माझ्या बोलण्यापेक्षा त्या गठ्ठ्यांनी जास्त काम केलं होतं, हे प्रामाणिकपणे मान्य. डायरीतल्या जवळजवळ सगळ्या नोंदी दुपारी चारनंतरच्या होत्या, आणि प्रत्येकीसमोर 'डोकं: हो'.

मग खाण्याचा रकाना वाचला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध. चहा पूर्ण बंद. आधी दिवसाला चार कप होता. पोटात पहिला घास दुपारी मोठ्या सुट्टीत, दोनच्या सुमारास: अर्धी ज्वारीची भाकरी, काकडी, वाटीभर मोड आलेले मूग. रात्री साडेसातला भाज्यांचं सूप. गुरुवार आणि संकष्टी वेगळी. शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पाठवलेलं हे डाएट. त्यात असंही लिहिलेलं की डोकं दुखलं तर समजावं, शरीरातली घाण बाहेर पडतेय! म्हणजे दुखणं हीच प्रगती. असल्या वाक्यांनी जेवढं नुकसान होतं, तेवढं वड्या-भज्यांनी होत नाही, असं माझं मत झालं आहे.

रात्री साडेसात ते दुपारी दोन म्हणजे साडेअठरा तास. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपवासामुळे होणारी डोकेदुखी ही वेगळी नोंदलेली आहे. आठ किंवा अधिक तास अन्न नसताना ती सुरू होते आणि खाल्ल्यावर जाते. पण लगेच जातेच असं नाही. त्याच वर्गीकरणाच्या आधीच्या आवृत्तीत ती पूर्ण थांबायला ७२ तासांपर्यंत मुदत धरलेली होती. बाई इथेच फसल्या होत्या. "दोन वाजता जेवते, तरी चारला डोकं दुखतंच. मग ते भुकेचं कसं असेल?" असा त्यांचा भूमितीला शोभणारा युक्तिवाद होता. सकाळी अकराला लागलेली कळ अर्ध्या भाकरीने मिटत नाही, हे गृहीतकातच नव्हतं.

पुढे काही ठरवण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. तसं पाठवल्याशिवाय मी अशा कामाला हात घालत नाही. रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर ठीक निघाला. हिमोग्लोबिन मात्र १०.४, बायकांत ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, म्हणजे बाई काही जगावेगळ्या नव्हत्या. आहारतज्ज्ञ मैत्रिणीने डायरीवरून हिशेब मांडला: दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठीसुद्धा १६६० ची आहे. बाई तर सहा तास फळ्यापाशी उभ्या.

आता कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. कारण कळलं, आकडे कळले, खाणं वाढवा, झालं. मी बाईंना १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या उपासमारीच्या प्रयोगाबद्दलही सांगितलं. महायुद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे समजावं म्हणून ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. त्यांची डोकी दुखू लागली, चक्कर येऊ लागली, ते सतत गारठलेले असत, एकमेकांवर खेकसत. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसत. त्या 'निम्म्या' अन्नात दिवसाला साधारण १५७० कॅलरी होत्या. बाईंच्या जवळजवळ दुप्पट.

बाईंनी सगळं ऐकलं, वहीत टिपूनही घेतलं. पुढच्या आठवड्यात डायरीत पुन्हा तेच: लिंबू-मध, अर्धी भाकरी, सूप.

"पटलं होतं ना?"

"पटलं. पण सकाळी डबा भरताना वाटतं, एवढी भूक धरवत नसेल तर काय उपयोग आपला?"

बोलता बोलता घरातल्या सकाळचा विषय निघाला. सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांची शुगरची गोळी आठला, आणि साडेआठच्या ठोक्याला उपमा नाहीतर पोहे समोर. हे बाई करतात, स्वतः लिंबूपाणी पिऊन.

"कधी उशीर झाला तर?" मी विचारलं.

"नाही होऊ देत. एकदा गॅस संपला होता, तेव्हा नऊ वाजले. घामाने डबडबले, हात थरथरायला लागले. माझ्यावर ओरडले, वाटी ढकलून दिली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"साखरपाणी दिलं लगेच. पाठ पुसली. दहा मिनिटांत माणसात आले."

"आणि ओरडले त्याचं?"

"त्याचं काय मनावर घ्यायचं? त्यांना कुठे भान होतं? पोटात अन्न नव्हतं."

"त्यांना भूक धरवत नाही, असं नाही वाटलं तुम्हाला?"

बाई हसल्या. "काहीतरीच काय, मॅडम. आजारी माणूस तो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचा मोह फार होतो. उत्तर अगदी जिभेवर असतं, आणि ते आपण दिलं की ते आपलंच राहतं, समोरच्याचं होत नाही. नव्या समुपदेशकांना मी हेच सांगते: इथे पाणी प्या, खिडकीबाहेर बघा, पण तोंड उघडू नका. बाईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"कंपासपेटी टाकली तेव्हा माझेही हात थरथरत होते," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "माझी पाठ मी कधी पुसली नाही."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, ते कुठल्याही डायरीत येणार नव्हतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. घरात पाहुणे, जेवणं आटोपायला तीन वाजलेले, आणि नवी सून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गूळ-पोळी खाताना चुलत सासूने पाहिली. रागावली वगैरे काही नाही. बाहेर जाऊन हसत म्हणाली, "हिला भूक धरवत नाही हं." सगळे हसले. बाईही हसल्या. पण त्या दिवसापासून भूक सहन करणं ही त्यांच्या लेखी रोजची परीक्षा झाली. वजनकाटा खूप नंतर आला. त्याने त्या परीक्षेला गुण द्यायची सोय केली, एवढंच.

मी ज्या विचारपद्धतीत घडले, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीत, माणूस स्वतःकडे कोणत्या मागण्या करतो हे तपासायला शिकवतात. बाईंची मागणी साधी होती: चांगल्या बाईला भूक लागता कामा नये. तीच मागणी सासऱ्यांकडे त्या कधीच करणार नव्हत्या, विद्यार्थ्यांकडेही नाही. एक नियम सगळ्यांसाठी आणि एक फक्त आपल्यासाठी: हे दोन नियम शेजारी ठेवले की समजूतदार माणसाला विसंगती स्वतःच दिसते. वह्यांचे दोन गठ्ठे शेजारी ठेवून पाहणाऱ्या बाईंना तर दिसणारच होती. तरीही या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पोट रिकामं असताना विचार तपासायला बसू नये. आमच्या सुरुवातीच्या भेटी संध्याकाळी साडेपाचला असायच्या, त्या मी शनिवारी सकाळी, नाश्त्यानंतर घेतल्या. जे माझ्याकडे प्रश्न घेऊन येतात, त्यांना मी आता आधी विचारते, "शेवटचं कधी खाल्लंत?" काही सहकारी याला हसतात. हसू देत.

डोकेदुखीपुरतं बोलायचं तर बाईंच्या बाबतीत एकच कारण नव्हतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत नसतंच. चार कप चहा एका रात्रीत तोडला की कॅफिनची सवय असलेलं डोकं १२ ते २४ तासांत दुखू लागतं, पहिले दोन दिवस जोरात, कधी कधी आठवडाभर. चहा सोडायचा असेल तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करावा, आणि सगळं खाणं कमी करण्याच्याच आठवड्यात तर मुळीच सोडू नये. भात-पोळी एकदम बंद केली की शरीरातला साखरेचा साठा वापरला जातो आणि त्याला धरून असलेलं पाणीही निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो उतरल्याचा आनंद बराचसा या पाण्याचा असतो, आणि त्याबरोबर पाणी-मीठ कमी पडून डोकं जड होतं ते वेगळंच. चिमूटभर मीठ घातलेलं ताक इथे उपयोगी पडतं, रक्तदाबाचा त्रास नसेल तर. ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांनी तर जेवणाची वेळ चुकवणं हे वजन कमी करायचं साधन मानूच नये. वजन ताटातल्या प्रमाणाने कमी करावं, ताटच गायब करून नाही.

संकष्टीचं विचाराल तर, उपास सोडा असं मी बाईंना म्हटलं नाही. चंद्रोदय बरेचदा नऊच्या आसपास असतो आणि तोपर्यंत डोक्याला फडकं बांधून, सुंठेचा लेप लावून पडणाऱ्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. दुपारी ताक, मूठभर शेंगदाणे, एक केळं, राजगिऱ्याचा लाडू, एवढं चालत असेल तर घ्यावं. नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढला तर त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. बाईंच्या सासूबाईंनीच लाडू वळून दिले, ही बातमी मला त्यांनी विशेष आनंदाने सांगितली.

गोळ्यांचं मात्र मी कडकपणे सांगते. बाई रोज बाराला उपाशीपोटी डोकेदुखीची गोळी घेत होत्या. जठराला होणारा त्रास आहेच. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० दिवस किंवा जास्त, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये. आणि डोकेदुखी एकाएकी, कधी नव्हे इतकी भयंकर उठली, दिसण्यात किंवा बोलण्यात फरक पडला, हात-पाय लुळा वाटला, ताप येऊन मान आखडली, तर डाएटला दोष देत घरी थांबू नये, थेट दवाखाना गाठावा. घरातली किशोरवयीन मुलगी लपून उलट्या करते आहे, पाळी बंद झाली आहे, जेवणाच्या वेळी न्हाणीघरात जाऊन बसते आहे, असं दिसलं तर तो डोकेदुखीचा विषय उरलेला नसतो. मानसोपचारतज्ज्ञांची भेट लवकर घ्यावी.

बाई आता सकाळी सासऱ्यांबरोबर साडेआठला पोहे खातात. एक कप चहा परत आला आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. साडेतीनच्या छोट्या सुट्टीत फुटाणे आणि पेरू असा डबा शिक्षकांच्या खोलीत उघडतो. वजन आधीपेक्षा हळू उतरतंय, तीन महिन्यांत दोन-अडीच किलो, आणि त्यावरून त्या अधूनमधून कुरकुरतात. नववी ब च्या वह्या त्या सकाळी तपासतात. कंपासपेटीवाल्या मुलाला त्यांनी नवी पेटी घेऊन दिली आणि वर्गासमोर चूक कबूल केली. हे त्यांनी मला न विचारता केलं.

महिन्यातून एकदा, पाळीच्या आधी, डोकं अजूनही दुखतं. डॉक्टरांच्या मते ती अर्धशिशी आहे आणि तिच्यावर वेगळे उपचार सुरू झाले आहेत.